पाणवठा क्रमांक नऊ

बाथरूमचं काम पूर्ण झालं त्या दिवशी नागसेन सरांनी ते निम्म्या मेंढेबोडीला दाखवलं. लोक नवं घर दाखवतात, गाडी दाखवतात, फार तर मुलाची गुणपत्रिका दाखवतात. सर संडास-बाथरूम दाखवत होते, तेही चपला बाहेर काढायला लावून. आत चारपेक्षा जास्त माणसं मावत नसल्यामुळे पाहुण्यांच्या तुकड्या पाडण्यात आल्या आणि प्रत्येक तुकडीला एकच व्याख्यान मिळालं. "एकही पाइप दिसतो का? नाही दिसणार. सर्व पाइप भिंतीच्या आत आहेत. याला कन्सील्ड म्हणतात."

सर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे आणि चारचौघांत पुस्तकातल्यासारखं बोलायचे. राग आला किंवा घाबरले की मग आईनं शिकवलेली भाषा तोंडात यायची. त्या दिवशी ते दिवसभर पुस्तकातलंच बोलले.

या थाटामागं कारण मात्र खरं होतं. त्यांची आई केसरबाई फेब्रुवारीत अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरला ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सांगितलं की आता उकिडवं बसायचं नाही, कमोड पाहिजे. मेंढेबोडीच्या घरी कमोड नव्हता, ब्रह्मपुरीला लेकीकडे होता, म्हणून म्हातारी तिकडे गेली. लेक रोशनी दवाखान्यात नर्स, तिच्या दिवसरात्रीच्या पाळ्या असायच्या. रोशनी ड्युटीवर असली की केसरबाईला जावयाचा हात धरून बाथरूमपर्यंत जावं लागे, आणि कडी लावायची नाही असं बजावलेलं असल्यामुळे जावई बाहेर दाराकडे पाठ करून उभा राही. बिचारा देवमाणूस होता. पण केसरबाईला त्यापरीस मेलेलं बरं वाटत होतं. ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि ख्यालीखुशाली न विचारता एकच विचारायची, "झाला का तुया संडास?"

"होऊन राह्यला, माय."

"पौर्णिमेच्या आठ दिसानं मी येतो म्हणजे येतो. नसन झाला तं जंगलात जाईन."

जंगल काही लांब नव्हतं. सरांचं घर लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या नव्या वस्तीच्या, शेवटच्या ओळीत होतं आणि मागच्या दारापासून दहा पावलांवर सागाची झाडं सुरू होत होती.

तर बाथरूम झालं आणि आठवडाभरानं घराच्या छतावरची टाकी रिकामी होऊ लागली. सकाळी बोअरची मोटार लावून भरलेली टाकी दहा वाजता ठणठणीत कोरडी. नवीन बाथरूममध्ये तर अजून कोणी आंघोळही केली नव्हती, कारण पहिली आंघोळ आईनं करायची असं सरांनी जाहीर केलं होतं. त्यांच्या बायकोनं, रंजीतानं, विचारलं, "पाणी जाऊन कुठी राह्यलं?"

"बाष्पीभवन," सर म्हणाले. शेहेचाळीस अंश तापमान, टाकीचा काळा रंग, वाऱ्याचा वेग, हे सगळं त्यांनी कागदावर मांडलं आणि एका दिवसात टाकी कशी उडून जाऊ शकते ते सिद्ध केलं. रंजीतानं कागद वाचला, वर आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढी वाफ झाली तं ढग काऊन नाई दिसून राह्यले?" त्यावर सरांनी तिला विज्ञानातलं काही कळत नाही असं सांगून दुसऱ्यांदा मोटार लावली. दुपारी तिसऱ्यांदा लावली.

गळती आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण ज्या भिंतीसमोर निम्म्या गावाला उभं करून व्याख्यान दिलं, तीच भिंत गळते हे कबूल कोणत्या तोंडानं करायचं? माणूस एकवेळ चोरीची कबुली देईल, चुकलेल्या बांधकामाची देत नाही.

मोटार तीनदा वाजते म्हणजे काहीतरी आहे हे शेजारच्या खुशालभाऊंनी ओळखलं आणि ते न बोलावता आले. खुशालभाऊ वीजखात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून वीज सोडून सगळ्या विषयांवर सल्ला देत होते. पहिला सल्ला असा की टाकीत माकडं बसत असतील. दुसरा असा की कोणीतरी पाइप जोडून पाणी चोरतंय, आणि हे सांगताना ते समोरच्या घराकडे बघत राहिले. तिसरा सल्ला त्यांच्या धानाच्या बांध घातलेल्या शेतातून, म्हणजे बांधीतून आला.

"बांधीले खेकडा भोक पाडते का नाई? मंग आमी काय करतो? पाण्यावर कोंडा टाकतो. कोंडा जिकडं ओढला जाते, तिकडं भोक. सोपी गोष्ट आहे, सर."

"खुशालभाऊ, ती बांधी आहे, ही जलवाहिनी आहे."

"पाण्याले काय मालूम?"

एवढं बोलून खुशालभाऊ घरून धानाच्या कोंड्याचं टोपलं घेऊन छतावर चढलेही. चिमूटभर टाकला असता तरी भागलं असतं. पण खुशालभाऊंचा हात मोठा, त्यांनी टोपलं उलटं केलं. तासाभरात नव्या शॉवरच्या सगळ्या भोकांत कोंडा बसला, कमोडची जेट तुंबली, बेसिनच्या नळातून पेज आल्यासारखं काहीतरी पडू लागलं. सर ओरडले, "हे काय करून ठेवलं जी तुमी!" आणि आपण कोणत्या भाषेत ओरडलो ते लक्षात येऊन खाकरले.

पण कोंड्यानं काम केलं होतं. खुशालभाऊंनी मागच्या दारातून हाक मारली. जंगलाच्या कडेला जो खोलगट भाग होता, तिथं दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढं डबकं साचलं होतं आणि त्यावर कोंडा तरंगत होता. पलीकडच्या काठावर तीन चितळं पाणी पीत होती. त्यांनी माना वर करून सरांकडे पाहिलं आणि परत पाणी प्यायला सुरुवात केली.

आता प्लंबर गाठायला हवा होता. प्लंबर लोकेश आणि टाइल लावणारा मिस्त्री लटारू, दोघांचे फोन बंद होते. रंजीतानं सांगितलं की फोन लावून उपयोग नाही, तेंदूपत्ता सुरू झालाय. मे महिन्यात आपल्या भागात प्लंबर, मिस्त्री, सुतार, न्हावी, कोणी कोणाचा नसतो, सगळे विडीची पानं तोडायला जातात. सरांनी मोटारसायकल काढली आणि पंचवीस किलोमीटर जंगलातून फळीवर पोहोचले. फळी म्हणजे जिथं दिवसभर तोडलेली पानं पुडे बांधून जमा करतात ती मोकळी जागा. लोकेश आणि लटारू तिथं पळसाखाली शेजारी शेजारी बसून पुडे बांधत होते.

"लोकेश, माझ्या भिंतीत पाणी गळतं आहे."

लोकेशनं हात न थांबवता थोडा विचार केला. "कमोडच्या मांगची भिंत का जी?"

"तुला कसं कळलं?"

"तिथी वॉशिंग मशीनसाठी एक टोक सोडलं होतं. त्याची कॅप चंद्रपूरहून येणार होती. तवरीक म्या बांबूची गुट्टी ठोकून देल्ली. पाण्यानं फुगून पक्की बसन म्हटलं. लटारूभाऊले सांगतलं होतं, कॅप आल्याबिगर टाइल लावजो नोको."

सरांनी लटारूकडे पाहिलं. लटारू वयानं मोठा, शांत माणूस. "सांगतलं होतं त्यानं," तो म्हणाला. "पण दुसऱ्या दिशी फळी सुरू होणार होती. सिमेंटचा मसाला कालवून झाल्ता. कालवलेला मसाला फेकू का, सर?"

म्हणजे ज्या भिंतीला सर कन्सील्ड म्हणत होते, तिच्यात बांबूचा एक तुकडा कन्सील्ड होता. त्यांनी लोकेशला तातडीनं चलायला सांगितलं. लोकेशनं मान हलवली. "पाणी काय, वर्षभर गळते. तेंदू महिनाभर राह्यते."

सरांनी आईचं सांगितलं. खुबा, ऑपरेशन, पौर्णिमेचा वायदा, सगळं. लोकेश वाईट नव्हता. तो म्हणाला, आजचे पुडे लवकर झाले तर रविवारी सुट्टी घेतो, आणि सरकून त्यानं सरांना बसायला जागा दिली. इस्त्रीची पँट सावरत सर पळसाखाली बसले आणि पुडे बांधू लागले. सत्तर पानं, देठ एकीकडे, वरून सालीची दोरी. दोन तासांत त्यांनी नऊ पुडे बांधले. ते मोजायला फळीचा मुन्शी आला तो सुरज निघाला. सुरजला सरांनी नववीत दोनदा नापास केलं होतं.

सुरजनं एक पुडा उचलला, अंगठ्यानं पानं सरकवली आणि म्हणाला, "अडुसष्ट आहेत, सर. सोडा अन् पुन्यांदा मोजा. घाई करू नका. घाईनंच चुका होतात." हे शेवटचं वाक्य सरांचंच होतं, आवाजही सरांचाच होता. फळीवरची माणसं कौतुकानं पाहत होती. सरांनी पुडा सोडला आणि पुन्हा मोजला.

रविवारी लोकेश आला. छिन्नी लावली, हातोडा उचलला, आणि मागच्या दारातून आवाज आला, "थांबा!" दारात बीट सांभाळणारा वनरक्षक आदेश उभा होता. काखेत लांब रजिस्टर.

"हे पाणी बंद करता नाई येत," तो म्हणाला. "पाणवठा क्रमांक नऊ आहे हा. म्या गस्तीत पाह्यला, यादीत घेतला. यादी वर गेली."

सर हसले. आदेश हसला नाही. सरांनी रजिस्टर मागून घेतलं. पाणवठा क्रमांक नऊ, मेंढेबोडी. स्वरूप: नैसर्गिक झरा. खाली रकाने: प्रजाती, नर किंवा मादी, संख्या.

"अहो, हा झरा नाही. हे माझं बाथरूम आहे."

"सर, तुमी विज्ञान शिकवता. पाणी जमिनीतून येऊन राह्यलं, बारमाही आहे, जनावर पिऊन राह्यले. मंग झरा नाई तं काय?"

"बारमाही? आठ दिवस झाले फक्त!"

"आठ दिसात एकडाव बी आटला नाई," आदेश म्हणाला. उन्हाळ्यात जिवंत पाणवठा नष्ट करणं हा गुन्हा आहे, हेही त्यानं अदबीनं सांगितलं. लोकेशनं छिन्नी पिशवीत टाकली आणि फळीवर निघून गेला.

सरांनी अर्ज केला. असा अर्ज मेंढेबोडीतून पूर्वी कधी गेला नसेल: 'माझे बाथरूम हा नैसर्गिक झरा नसल्याबाबत.' वनखात्याच्या साहेबांनी तो वाचला, बसायला खुर्ची दिली आणि पुरावा मागितला. तिथं बाथरूम आहे असा ग्रामपंचायतीचा दाखला आणा. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकानं संगणक उघडला. सरांच्या घरी संडास असल्याची नोंद पूर्वीपासून होती, त्याचा फोटोही होता. नव्या बांधकामाची परवानगी मात्र सरांनी घेतली नव्हती, त्यामुळे नवं बाथरूम कागदावर नव्हतं. "जे नाहीच, ते गळते असा दाखला मी कसा देऊ?" ग्रामसेवक म्हणाला. निम्म्या गावानं चपला काढून जे पाहिलं होतं, ते नव्हतं. झरा मात्र होता.

तोवर टाकी तीनदा भरणं चालूच होतं, नाहीतर स्वयंपाकाला पाणी मिळेना. सरांचा बोअर रोज इमानानं जंगलाला पाणी पाजत होता.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर प्राणी मोजतात. क्रमांक नऊजवळ मचाण बांधायला सोयीचं झाड नव्हतं, सरांचं छत होतं. दोन प्रगणक चटई, दुर्बीण आणि डबा घेऊन टाकीशेजारी बसले आणि खाली सूचना आल्या: दिवे नकोत, मिक्सर नको, फ्लश तर अजिबात नको. घरात खीर अंधारात वाढली गेली. रंजीतानं दोन वाट्या वर नेऊन दिल्या, कारण सणाला दारी आलेला माणूस उपाशी कसा ठेवणार. तेवढ्यात केसरबाईचा फोन आला.

"वंदना झाली का रे?"

"झाली, माय. हळू आवाजात झाली."

"काऊन?"

"हरणं बिचकतात."

मग केसरबाई म्हणाली, "तुही तब्येत बरी आहे ना, बाबू? मी शनवारी येतो."

शनिवारला आठ दिवस होते. सर पुन्हा साहेबांकडे गेले, आणि या वेळी अर्ज, दाखला, विज्ञान सगळं बाजूला ठेवून नुसतं आईचं सांगितलं. सांगता सांगता पुस्तकातली भाषा सुटली. "साहेब, माही माय जावयासमोर लाजून राह्यली जी. तिले घरी आणाचं आहे. मी काय करू?"

साहेब माणूस होता. त्यानं नियमांचं पुस्तक चाळून मार्ग काढला. पाणवठा बंद करता येत नाही, पण प्राण्यांची पर्यायी सोय झाली तर स्रोत बदलता येतो. तिथं सिमेंटचं बसकं टाकं बांधायचं आणि एक दिवसाआड टँकर. प्रस्ताव सोमवारी गेला, गुरुवारी मंजूर झाला, शुक्रवारी टाकं तयारही झालं. सर थक्क झाले. लेआउटमधल्या नळांना गेल्या उन्हाळ्यापासून पाणी नव्हतं, ग्रामपंचायतीनं माणसांसाठी टँकर मागून दोन उन्हाळे झाले होते आणि तो कागद अजून कुठल्यातरी टेबलावर होता. पण याच्यात प्राण्यांचा काय दोष?

शुक्रवारी फळी संपली, शनिवारी सकाळी लोकेश आला. अकरा टाइल फोडून त्यानं बांबूची गुट्टी काढली आणि कॅप बसवली. तसल्या टाइल दुकानात उरल्या नव्हत्या, म्हणून लटारूनं स्वयंपाकघरातल्या शिल्लक टाइल लावल्या. कमोडच्या मागं आता नारळ, द्राक्षं आणि अर्धं अननस आलं. पण भिंत कोरडी होती. सरांनी तिला हात लावून पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी नळ सोडला. नळाला काही आलं नाही. मोटार लावली तर ती नुसती घरघरली. बोअर आटला होता. तीन आठवडे चितळांना पाजलेलं पाणी शेवटी कुठून तरी येतच होतं.

केसरबाई दुपारी पोहोचली. वॉकर टेकवत तडक बाथरूममध्ये गेली, कमोडवर बसून पाहिलं, हाताच्या आधारानं एकटी उठून पाहिलं. तिचा चेहरा फुलला. "बेस झालं, बाबू. कोनाचा हात नाई लागत." आणि तिनं फ्लशचं बटण दाबलं. आत नुसता खटका वाजला.

"पाणी?"

सरांनी सुरजसमोर मान खाली घातली नव्हती. आता घातली. तेवढ्यात घरामागं टँकरचा भोंगा वाजला.

केसरबाईनं सगळी हकीगत रंजीताकडून दोन वाक्यांत ऐकली, बादली मागितली आणि मागच्या दाराबाहेर खुर्ची टाकायला लावली. टाकं भरत होतं. आदेश रजिस्टर घेऊन उभा होता. बादली पाहून तो कासावीस झाला.

"आजी, हे पाणी वन्यप्राण्यांसाठी आहे. मले लिहून द्या लागते, कोन पेलं ते."

"वाचून दाखव बरं, कोन कोन पेलं."

आदेशनं वाचलं. "चितळ अकरा, रानडुक्कर चार, नीलगाय दोन, अस्वल एक."

"त्याच्या खाली लिव मंग," केसरबाई म्हणाली. "म्हातारी. मादी. एक."

आदेशनं इकडंतिकडं पाहिलं. त्याच्या आईच्याही घरी नळ कोरडाच होता. त्यानं पेन झटकलं आणि लिहिलं. सरांनी बादली भरून आत नेली, केसरबाई मागोमाग आत गेली, आणि दार लावून तिनं आतून स्वतः कडी घातली. कडीचा आवाज ऐकून सर क्षणभर तिथंच उभे राहिले. मग पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला.

एका बादलीत आंघोळ होते, फ्लश होत नाही. सर दुसरी बादली घेऊन बाहेर आले तेव्हा टाक्यापाशी रांग लागली होती. अख्खा लेआउट आला होता, घागरी, हंडे, ड्रम घेऊन, आणि पुढं खुशालभाऊ टोपलं सोडून पहिल्यांदाच कामाचं भांडं घेऊन उभे होते. शाळेतली आठ-दहा पोरंही होती. ती सरांकडे टक लावून पाहत होती. सर रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. नंबर आला तेव्हा आदेशनं मान वर न करता विचारलं, "पुढं?"

सरांनी बादली खाली ठेवली, चष्मा सावरला आणि वर्गात सांगावं तशा स्पष्ट आवाजात सांगितलं, "प्रौढ नर. एक."